२ जानेवारी आपला का नाही? : वकील भाई कोतवाल आणि आपण

दरवर्षी १ जानेवारीला शहापूर-मुरबाडकडून निळे झेंडे लावलेल्या गाड्या भीमा कोरेगावला निघतात. जायलाच हवे. पण दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, आपल्याच मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात एका वकिलाला मानवंदना दिली जाते. म्हसा गावातून नारिवलीमार्गे तिकडे जाता येते. आपल्यातले किती तरुण तिथे जातात? विषय काढला की उत्तर ठरलेले असते : "तो बेचाळीसचा, काँग्रेसच्या चळवळीतला माणूस. बाबासाहेब तर त्या चळवळीच्या विरोधात होते."

हे उत्तर अर्धे खरे आहे. अर्धे खरे असलेले उत्तर सोयीचे असते, म्हणून ते तपासले पाहिजे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला झाला. घर गरीब, जात न्हावी. माथेरान म्हणजे गोऱ्या साहेबांचे आणि मुंबईच्या श्रीमंतांचे थंड हवेचे ठिकाण. तिथे न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरावा आणि पाहुण्यांची सेवा करावी, एवढीच अपेक्षा होती. हा मुलगा पुण्याला नातेवाइकांकडे राहून शिकला आणि पुढे मुंबईत कायद्याची पदवी घेऊन वकील झाला. माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. ज्या काळात आपल्या लोकांना कोर्टाच्या पायरीवर बसवले जायचे, त्या काळात एका बलुतेदाराच्या मुलाने काळा कोट घातला ही गोष्ट लहान नाही.

आता त्याने त्या कोटाचे काय केले ते पाहू. कर्जत-मुरबाडचा शेतकरी भाताचा. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपते आणि नेमके तेव्हाच लावणीचे कष्ट असतात. मग सावकाराच्या दारात जायचे, भात उचलायचे आणि सुगीला दीडपट, दुप्पट परत करायचे. नाही जमले तर जमीन गहाण. कोरा कागद, खाली अंगठा. गहाणाची जमीन पुढे सावकाराची कधी झाली हे अंगठा देणाऱ्याला कळतही नसे. कूळ, आदिवासी, दलित, सगळे याच चक्रात.

१९४०-४१ च्या टंचाईत कोतवालांनी यावर भाषण ठोकले नाही. त्यांनी धान्य कोठ्या काढल्या. सुगीला गावाने धान्य एकत्र ठेवायचे, अडीनडीला त्यातून घ्यायचे आणि पीक आल्यावर परत भरायचे. सावकाराकडे जायची वेळच येऊ द्यायची नाही. जोडीला खेड्यापाड्यांत शाळा सुरू केल्या, म्हणजे पुढची पिढी अंगठा देण्याआधी कागद वाचेल.

इथे जरा थांबून विचार करा. गावगाड्यात न्हाव्याला मजुरी मिळत नसे, बलुते मिळे. वर्षभर राबायचे आणि खळ्यावर दुसऱ्याने देईल तेवढे धान्य पदरात घ्यायचे. त्याच गावगाड्याने याच न्हाव्याला महाराची हजामत करायला बंदी घातली होती. म्हणजे जो स्वतः मागत होता, त्यालाही खालच्यापासून दूर ठेवले होते. त्या घरातला माणूस धान्याची कोठी उभी करतो, तेव्हा तो मागणे बंद करतो. याला दान म्हणत नाहीत. ही व्यवस्थेशी मांडलेली लढाई आहे.

आता बाबासाहेबांकडे या. तेही वकील. १९२३ पासून मुंबईत वकिली. पण वकील एका वेळी एका अशिलाची केस लढतो. कायदाच अन्यायाचा असेल तर केस जिंकूनही गाव हरतो. म्हणून १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली ते मुंबई विधानसभेत विरोधी बाकावर बसले. समोर सत्तेवर बाळासाहेब खेर, तेही सॉलिसिटर. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. तरीही काँग्रेस सरकारने ते विधेयक मंजूर होऊ दिले नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली.

एकाने विधानसभेत कायद्याला हात घातला, दुसऱ्याने गावात सावकाराच्या कोठाराला पर्याय दिला. विरोधी राजकारणाला हे दोन्ही हात लागतात.

मग १९४२ चे काय? ते लपवायचे कारण नाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. जपान दाराशी आला होता, जर्मनीत हिटलर होता आणि इंग्रज गेल्यावर अस्पृश्यांच्या हक्कांची हमी कोण देणार, याचे उत्तर काँग्रेसने दिलेले नव्हते. 'छोडो भारत'ला त्यांचा विरोध होता आणि तो विचार करून केलेला होता. कोतवालांनी त्याच वर्षी दुसरी वाट धरली. ते भूमिगत झाले, 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडावर त्यांना गाठले. कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील तिथे शहीद झाले. कोतवाल तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

या मतभेदात आपण बाबासाहेबांच्या बाजूने आहोत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावले की, संवैधानिक मार्ग खुला असताना रक्तरंजित मार्ग सोडले पाहिजेत. म्हणजे मनोरे पाडणे आपला कार्यक्रम नाही. पण म्हणून कोठ्या आणि शाळाही परक्या झाल्या का?

खरी मेख इथे आहे. सरकारी कार्यक्रमात कोतवालांचे शेवटचे चार महिनेच सांगितले जातात. बंदूक, जंगल, हौतात्म्य. त्यांच्या जातीच्या मेळाव्यात ते समाजाचे भूषण होतात. पडलेल्या मनोऱ्याची आज कुणालाच भीती नाही, म्हणून त्याला हार घालणे सोपे. धान्याच्या कोठीची भीती मात्र आजही आहे, म्हणून ती भाषणात येत नाही. आपण सिद्धगडकडे पाठ फिरवतो तेव्हा हा माणूस आपण आपल्याच हाताने त्यांच्या ताब्यात देतो.

शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग पाचव्या अनुसूचीत आहे. पेसा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. तरीही कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, कारण पावसाळ्यातली ती भूक अजून संपलेली नाही. इथे लागणारा वकील कुठून येणार? एलएलबी केलेली आपली मुले आमदाराच्या मागेपुढे फिरणार असतील तर नाही येणार. विरोधात असणे म्हणजे तिकिटाची वाट पाहणे नव्हे. ग्रामसभेत बसून वनहक्काचा दावा लिहिणे, उचलीचा हिशेब तपासणे, पाड्यावर अभ्यासिका चालवणे, हे विरोधी राजकारण आहे आणि ते सत्ता नसतानाही करता येते.

१ जानेवारीला कोरेगावला जाऊच. २ जानेवारीला सिद्धगडलाही जाऊ आणि तिथे जमलेल्यांना हिराजी पाटलांच्या, कोतवालांच्या बलिदानाबरोबर धान्य कोठीचीही गोष्ट सांगू. कोणी विचारले, तुमचा काय संबंध, तर सांगा : सावकाराचा ज्याच्याशी संबंध होता, त्या प्रत्येकाचा कोतवालांशी संबंध आहे.

जय भीम!