मुतवल्ली मालक नसतो

जुन्या गोव्याचं बॉम जेझू बॅसिलिका पाहून आलेले लोक त्याच्या तांबड्या जांभा दगडाची तारीफ करतात. तो तांबडेपणा बांधणाऱ्यांनी दिलेला नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जेसुइटांनी १५९४ मध्ये त्याचा पाया घातला, १६०५ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. दर्शनी भागाच्या कोरीव कामासाठी काळा दगड आपल्या वसईहून नेला होता. बाकीच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता.

१९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांनी तो गिलावा काढायला लावला. इमारत अधिक प्राचीन दिसावी, हा हेतू! पण जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. झिजायचं काम चुन्याचं होतं. तो झिजला की पुन्हा लावता येतो. आता गोव्याच्या पावसात दगडच झिजतो, आणि तो परत लावता येत नाही. १९८६ पासून ही वास्तू जागतिक वारशात आहे, तरी गिलावा पुन्हा चढवावा की नाही, हा वाद चालूच आहे. कारण लोकांच्या डोळ्यांत आता तांबडं चर्चच बसलं आहे.

आमच्या तुमसर भागात कवेलूच्या घरात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्याआधी कवेलू फेरले नाहीत, तर घर कितीही जुनं अन् नामी असो, गळणारच. सांभाळणं म्हणजे दरवर्षीचं, कुणाच्या नजरेत न भरणारं काम.

एका मुसलमानाने चर्चच्या गिलाव्याची चिंता का करावी, असं कुणी विचारेल. कुरआनच्या सूरह हजमध्ये (आयत ४०) मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी यांचा उल्लेख एकत्र येतो, अल्लाहचं नाव घेतलं जाणाऱ्या जागा म्हणून. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चची किल्ली कित्येक शतकं जूदेह या मुस्लिम घराण्याकडे आहे आणि दार उघडतं नुसैबेह हे दुसरं मुस्लिम घराणं. चर्च त्यांचं नाही, अमानत त्यांची आहे.

हाच अर्थ वक्फच्या मुतवल्लीला लागू होतो. तो मालक नसतो, राखणदार असतो. पण आपल्याकडे काय चाललंय? चुना-विटांची जुनी मशीद शहीद करायची आणि तिथे चकचकीत टाइल्स अन् काचा लावायच्या, याला आपण खिदमत म्हणतो. कास्त्रोंना इमारत जुनी दिसायला हवी होती, आपल्याला नवी दिसायला हवी. दोन्हीकडे दिसण्यासाठी असण्याचा बळी जातो.

पुढच्या वेळी मशिदीसाठी चंदा मागायला कुणी आलं, तर आधी विचारा: जुनं छत दुरुस्त होऊ शकतं का, हे एखाद्या जाणत्या गवंड्याला दाखवलं का?