पाटासाठी बांधलं, पक्ष्यांनी घेतलं

अमेरिका-कॅनडाच्या प्रेअरीत लोक आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, पाणथळीजवळ नेऊन राहतात आणि बदकं बघतात. तिथली बरीचशी तळी हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या खळग्यांत साचलेली. आता आपल्या दख्खनवर हिमनदी कुठून आणायची? आपल्याकडे ते काम इंजिनिअरांनी केलं, तेही न ठरवता. आमच्या कोडिंगच्या भाषेत साइड इफेक्ट!

नागापूरहून मनमाड रोड धरा. वाटेत राहाता, कोपरगावचा हिरवागार ऊस लागतो ना, त्या भागाला पाणी गोदावरीच्या पाटांचं. हे पाट सुटतात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरहून. गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिशांनी १९०७ ते १९११ मध्ये तिथे बंधारा बांधला. पाणी शेतीसाठी होतं, पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते. पण दर पावसाळ्यात गाळ येत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारेवाल्यांच्या हिशेबात हा सरळ तोटा, साठवण घटली. बदकांना मात्र उथळ पाणी म्हणजे वाढलेलं ताट! सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ.

याच गोदावरीवर खाली पैठणला जायकवाडी. ही गोष्ट जरा जड आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. प्रदेश सपाट, त्यामुळे पाणी खोल कमी आणि पसरलेलं जास्त, साधारण ३५० चौरस किलोमीटर. त्याखाली आपल्या नेवासा-शेवगावकडचीही गावं गेली, कसदार जमिनीसकट. आज फोटोत दिसणारं बेट तेव्हा कुणाच्या तरी शिवारातला उंचवटा होता. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या मातीत लोक गाळपेर करतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंसही काठच्या हिरवळीवरच चरतात. म्हणजे जमीन एक आणि दावेदार दोन. हेही १९८६ पासून अभयारण्यच. पक्षी हवेतच, पण ती गावं विसरून नुसतं ‘वॉव’ म्हणणं मला जमत नाही.

आता मुक्कामाचं. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, पण म्हणून गाडी थेट अभयारण्यात लावू नका. नांदूरला जाणार असाल तर रात्री चापडगावात परवानगीने थांबा, जनरेटर बंद ठेवा. पहाटे स्थानिक गाईड घेऊन मनोऱ्यावर चढा. आपल्याला लांबून सगळे सारखेच ठिपके दिसतात. थापट्या कुठला आणि तलवार बदक कुठलं, ते तो दाखवतो.