मेफ्लॉवरचे उतारू

त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे ६ सप्टेंबर १६२० रोजी मेफ्लॉवर जहाजाने प्लिमथ बंदर सोडले, तेव्हा त्यावर १०२ उतारू होते. सगळेच धर्मासाठी देश सोडणारे होते, ही समजूत चुकीची आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून हॉलंडमधील लायडन शहरात राहिलेल्यांचा गट साधारण निम्मा होता. बाकीचे कारागीर, नोकर आणि नव्या जमिनीच्या आशेने निघालेले संसारी लोक. खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांनी उचलला होता. सोबतचे स्पीडवेल जहाज गळू लागल्याने मागे राहिले आणि त्यातले बरेच जण याच जहाजात कोंबले गेले.

उतारूंचा मुक्काम दोन डेकांमधल्या बुटक्या, अंधाऱ्या जागेत. उंच माणसाला ताठ उभे राहणेही कठीण. वादळात मुख्य तुळई तडकली. ती लोखंडी स्क्रूने वर उचलून, खाली टेकू देऊन सावरली. जॉन हाउलंड नावाचा तरुण नोकर समुद्रात फेकला गेला, पण लोंबणारा दोर हाती लागल्याने वाचला. वाटेतच हॉपकिन्स कुटुंबात मुलगा जन्मला. त्याचे नाव ओशेनस ठेवले.

सर्वांत करुण कहाणी मोर घराण्यातल्या चार भावंडांची. आईच्या व्यभिचाराच्या संशयावरून कायद्याने बाप असलेल्याने त्यांना परक्यांच्या हवाली केले. त्यांपैकी एकटा रिचर्ड जगला.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरील केप कॉडला पोहोचल्यावर ४१ पुरुषांनी एकत्रित कारभाराच्या करारावर सह्या केल्या. पहिल्या हिवाळ्यात रोगराईने निम्मे उतारू दगावले. उरलेल्यांनी आधीच्या साथीत ओस पडलेल्या पटक्सेट या वाम्पानोआग आदिवासींच्या गावाच्या जागी सुरू केलेली वसाहत टिकवली.