दिवस कोणाचा? सूर्य, घड्याळ आणि कामगार



सूर्यमालेवर बोलायला एखादा खगोलशास्त्रज्ञ यावा, तेथे कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण विद्यापीठात नव्हे, वाचनालयात झाले. परंतु कामाचा दिवस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हा आमच्या चळवळीचा पहिला प्रश्न आहे; आणि त्याचे मूळ आकाशात आहे. म्हणून सूर्यमालेची ओळख मी याच प्रश्नाच्या वाटेने करून देणार आहे.

प्रथम मूळ गोष्टी पाहू. सूर्य हा एक तारा आहे. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. म्हणजे पृथ्वीएवढे १०९ गोळे एका ओळीत मांडावे तेव्हा ही रुंदी भरेल. तो आपल्यापासून सरासरी १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा उजेड येथे पोहोचायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात. त्याच्याभोवती आठ ग्रह फिरतात आणि प्रत्येकाला दोन गती आहेत. स्वतःभोवती फिरण्याने दिवस होतो, सूर्याभोवती फिरण्याने वर्ष होते. गुरूसारखा प्रचंड ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. उलट बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात, आणि त्याचे वर्ष मात्र ८८ दिवसांचे! बुधावर गिरणी असती, तर तेथे पगारवाढ दिवसातून दोनदा मागावी लागली असती. विनोद सोडा, पण 'दिवस' ही विश्वात सर्वत्र सारख्या मापाची वस्तू नाही, एवढे लक्षात ठेवा.

आपल्या पृथ्वीवरही तो सारखा नाही. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षभरात उजेडाचे तास कमीजास्त होतात. मुंबईला डिसेंबरात सूर्य सुमारे ११ तास क्षितिजावर असतो, तर जूनमध्ये सव्वातेरा तास. हा सव्वादोन तासांचा फरक ज्योतिर्विदाला गणिताचा वाटतो; मजुराला तो पाठीत जाणवतो.

आपल्या खेड्यांत पूर्वी वेळ सूर्याचीच होती. 'दिवस कासराभर वर आला', 'दिवस माथ्यावर आला' ही आमची घड्याळे. अधिक काटेकोर माप हवे असेल तेव्हा घटिकापात्र असे. तळाशी बारीक भोक पाडलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा साठ घटिकांचा अहोरात्र. शेतकरी उन्हाळ्यात जास्त वेळ राबला तरी तो त्याच्या शेताच्या गरजेने, आणि पावसाच्या तोंडाशी गाठ घालण्यासाठी.

१८५६ साली मुंबईत कावसजी दावरांची कापड गिरणी सुरू झाली आणि चित्र पालटू लागले. पुढे रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांतून माणसांचा लोंढा गिरणगावाकडे गेला. गिरणीने सुरुवातीला सूर्याचाच नियम घेतला: उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. परंतु शेतातला नियम यंत्रापाशी आला की त्याचा अर्थ बदलतो. यंत्र दमत नाही. जूनचा दिवस डिसेंबरच्या दिवसाहून सव्वादोन तासांनी मोठा, म्हणून श्रम वाढले. पण सूर्याने दिलेला तो जादा उजेड मालकाच्या खात्यावर जमा झाला.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. ही शेवटची मागणी नीट पाहा. तिचे एक टोक घड्याळाला बांधले आहे आणि दुसरे सूर्याला. पहाटे अंधारात बोलावणाऱ्या भोंग्याला घड्याळाने अडवायचे. आणि संध्याकाळी घड्याळावर भरवसा नाही, म्हणून सूर्याला साक्षीदार ठेवायचे. सूर्याला कोणी मागेपुढे सरकवू शकत नाही, हे त्या मागणीतले शहाणपण आहे. रविवारची सुटी १८९० साली मिळाली.

पण साक्षीदारच निकामी झाला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी माग चालू राहू लागले. तेजीच्या त्या दिवसांत कामाचे तास चौदा-पंधरावर गेले.

त्यातच १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. यामागचे शास्त्र सोपे आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते; म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. त्यामुळे पूर्वेकडच्या गावी मध्यान्ह आधी होते. सांगलीचा मध्यान्ह मुंबईच्या आधी सुमारे ७ मिनिटे, साताऱ्याचा सुमारे ५ मिनिटे, तर कलकत्त्याचा तासाभराहून थोडा अधिक आधी. प्रत्येक गावाने आपापला सूर्य धरला, तर आगगाडीचे वेळापत्रकच करता येणार नाही. म्हणून साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ साऱ्या देशाला लावली. मुंबईची घड्याळे त्यासाठी ३९ मिनिटे पुढे करायची होती.

योजना शास्त्रशुद्ध होती, हे मी मान्य करतो. पण महिना कोणता निवडला? जानेवारी! मुंबईत वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय याच महिन्यात, नव्या वेळेने सव्वासातच्या सुमारास. सहाचा भोंगा समजा पूर्वी उजाडण्याआधी अर्धा-पाऊण तास होत असेल, तर आता तो सव्वा तास आधी होणार. त्याच जानेवारीत मुंबईच्या काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद केले आणि गिरणीवर दगडफेकही झाली. हे कामगार अडाणी, त्यांना प्रमाणवेळ कळली नाही, असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते, त्यांना ती नेमकी कळली होती: आपल्या झोपेतली ३९ मिनिटे गेली आणि कोणी विचारलेही नाही. शहरातल्या सुशिक्षितांनीही विरोध केला; आणि मुंबईची जुनी वेळ नगरपालिकेच्या कारभारात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली.

कामगारांना पुढे सूर्य परत मिळाला नाही. त्यांनी मागितला तो आकडा. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाच्या दिवसाला १२ तासांची मर्यादा पडली. १९२२ साली ती ११ झाली, १९३४ साली बारमाही कारखान्यांना १०, आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास ठरले. एकेक तास उतरायला दहा-बारा वर्षे लागली. त्या काळात पृथ्वीने सूर्याभोवती तितक्याच फेऱ्या घातल्या, पण तास तिने कमी केले नाहीत. ते माणसांनी केले.

शेवटी एक प्रयोग आपल्या हाती देतो. मे महिन्यात सांगलीत ७ तारखेच्या आणि साताऱ्यात १० तारखेच्या सुमारास सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. अंगणात एक सरळ काठी उभी करा. तिची सावली पायथ्याशी नाहीशी होईल. त्या क्षणी घड्याळ पाहा. बारा वाजलेले नसतील. साडेबाराच्या आसपासची वेळ असेल. सूर्याचा दिवस निसर्गाने ठरवला आहे, त्यात आपले काही चालत नाही. घड्याळाचा दिवस मात्र माणसामाणसांतला करार आहे. आणि करार करायचा, तर दोन्ही पक्ष बैठकीला असले पाहिजेत.