त्रेचाळिसांतला एक श्वास

डिसेंबर 1845. लंडनच्या गल्लीत धुकं आणि कोळशाचा धूर एकमेकांत मिसळलेत. तुम्ही छापखान्यातून थेट इथे आलात. दिवसभर खिळे जुळवून बोटांची टोकं शिशानं काळी पडलीत. हल्ली जिना चढताना धाप लागते, पण घरी तुम्ही काही बोललेला नाहीत. क्षयाचं नाव काढायलाच माणसं भितात.

डॉक्टर जॉन हचिन्सन यांच्या शेजारी पाण्यानं भरलेलं एक उंच पिंप आहे. त्यात एक भांडं पालथं घातलंय. कप्पीवरून गेलेल्या दोऱ्यांना वजनं लटकतायत आणि बाजूला घनइंचांची पट्टी आहे. याचं नाव स्पायरोमीटर. आधी तुमची उंची घेतात, मग वजन. मग सूचना येतात : वास्कटची बटणं सोडा, ताठ उभे रहा, मान मागे घ्या. मावेल तेवढी हवा आत ओढा, नळी तोंडात धरा आणि सगळी सोडा.

तुम्ही श्वास सोडता आणि भांडं पाण्यातून वर सरकू लागतं. स्वतःचा श्वास तुम्ही आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहताय. संपला असं वाटतं, तरी पोट आत ओढून उरलासुरला बाहेर ढकलता. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. भांडं थांबतं आणि डॉक्टर आकडा वहीत उतरवतात. या मापाला त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ म्हटलंय, म्हणजे जगण्याची कुवत.

हा आकडा बरा की वाईट, हे एकट्या तुमच्यावरून ठरत नाही. म्हणून तर ही वही आहे. तिच्यात खलाशी 121, अग्निशामक दलाचे जवान 82, वूलविचचे नौसैनिक 573, कंगाल 129, प्रतिष्ठित गृहस्थ 97. तुमच्यासारखे कंपोझिटर 43. सगळे मिळून 2130 जण. एवढ्या श्वासांच्या गर्दीतून डॉक्टरांना एक नियम सापडलाय : पाच ते सहा फुटांच्या दरम्यान उंची इंचभर वाढली की श्वास साधारण 8 घनइंचांनी वाढतो. छातीच्या रुंदीवरून तो ओळखता येत नाही.

याच वहीत फ्रीमन आहे, जवळजवळ सात फुटी अमेरिकन मुष्टियोद्धा. 1842 मध्ये त्यानं 434 घनइंच हवा सोडली. दोन वर्षांनी आकडा 340 पर्यंत घसरला. छातीला कान लावणाऱ्या दोन निष्णात डॉक्टरांना काहीच दोष ऐकू आला नाही. 340 म्हणजे तुमच्या कुवतीच्या कितीतरी पलीकडचा आकडा! पण फ्रीमनचं माप फ्रीमनशीच लावून पाहायला हवं होतं. गेल्या ऑक्टोबरात तो क्षयानं गेला.

तुमचं बोट वहीतल्या आणखी एका ओळीवर थांबतं : ‘मुली, 26’. एवढ्या मोठ्या वहीत बायकांची ओळ एवढीच. घरी शेगडीपुढे खोकणारी तुमची बायको आठवते. तिचा श्वास किती असायला हवा, हे या वहीला विचारून काय कळणार?

धुकं विरतं आणि पुढची शंभरावर वर्षं सरतात. 1947 मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहू लागतात. मग श्वासाची वाट अरुंद झालेली छातीही ओळखता येते.

आणि आज, आजच्या दवाखान्यात, तुमच्या नाकाला चिमटा आहे, तोंडात पुठ्ठ्याची नळी. “जोरात! अजून, अजून, अजून!” तपासणारी ताई ओरडते. तीन फुंकी नीट जमेपर्यंत ती सोडत नाही. एकाच फुंकीनं खोटी आशा लागू नये, खोटी भीतीही बसू नये. वय, उंची, बाई की पुरुष, सगळं नोंदवलं जातं.

तुम्ही नळी काढता, दम खाता आणि बाजूला सरकता. रांगेत पुढचा नंबर तुमच्या बायकोचा आहे.