नकाराची संहिता : डायलिसिस, तुटवडा आणि एक निकालपत्र

वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत यंत्राच्या शोधाची कथा सविस्तर सांगितली जाते. ते यंत्र कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाला नाकारले गेले, हा वृत्तांत मात्र समित्यांच्या कामकाजात, शपथपत्रांत आणि निकालपत्रांत विखुरलेला असतो. डायलिसिसच्या बाबतीत हा दुसरा वृत्तांत अधिक बोलका आहे आणि तौलनिक अभ्यासाला अधिक सामग्री पुरवणाराही आहे.

शोधाची कथा थोडक्यात अशी. जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील कांपेन या लहान गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने १९४३ साली सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या ढोलावर गुंडाळली, त्या नळीतून रुग्णाचे रक्त खेळवले आणि क्षारयुक्त पाण्याच्या हौदात ढोल फिरवून रक्तातील विषद्रव्ये बाहेर काढली. आरंभीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये जी पहिली रुग्ण या यंत्रामुळे निश्चितपणे वाचली असे मानले जाते, ती सदुसष्ट वर्षांची स्त्री नाझींशी संगनमत केल्याच्या आरोपावरून बंदिवासात होती. गावाच्या दृष्टीने ती सहानुभूतीस पात्र नव्हती. तरीही कोल्फने उपचार केले. पात्रतेचा प्रश्न पुढे अनेक वर्षे या उपचारपद्धतीची पाठ सोडणार नव्हता, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

कोल्फच्या यंत्राचा उपयोग काही दिवसांच्या संकटापुरता होता, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० साली सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील धमनी व शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची कायमस्वरूपी नळी बसवली आणि मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला मनुष्य वर्षानुवर्षे जगू शकेल अशी शक्यता निर्माण झाली. तुटवड्याचा खरा इतिहास येथून सुरू होतो. जो उपचार आठवडाभरात संपतो त्याची रांग पुढे सरकते. जो आयुष्यभर चालतो त्याची रांग जागच्या जागी थिजते.

सिएटलच्या केंद्राने निवडीचे काम सात नागरिकांच्या समितीकडे सोपवले. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये शाना अलेक्झांडर यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात या समितीवर दीर्घ लेख लिहिला. त्यात सदस्यांची नावे नाहीत. वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी अशा व्यवसायवाचक संज्ञांनीच ते ओळखले जातात. लेख वाचताना एखाद्या रूपकनाट्यातील पात्रयोजनेची आठवण व्हावी. वय, वैवाहिक स्थिती, अवलंबून असणाऱ्यांची संख्या, उत्पन्न, शिक्षण असे निकष विचारात घेतले जात. हे निकष म्हणजे मध्यमवर्गीय सद्गुणांची यादी होय, अशी टीका १९६८ मध्ये दोन अभ्यासकांनी केली. थोरोसारख्या मनुष्याला या प्रदेशात मूत्रपिंडाचा विकार होऊ नये, असा त्यांचा आशय होता. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने जवळजवळ सर्व रुग्णांचा खर्च शासनाकडे घेतला आणि समितीचे प्रयोजन उरले नाही. श्रीमंत राष्ट्राने प्रश्न सोडवला तो पैशाने. उत्तर त्याला सापडले होते असे नव्हे.

तोच प्रश्न पस्तीस वर्षांनी डर्बन येथे उभा राहिला. थियाग्राज सुब्रमनी हे एक्केचाळीस वर्षांचे बेरोजगार गृहस्थ मधुमेह आणि हृदयविकाराने ग्रस्त होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. (त्यागराज सुब्रमणी या दाक्षिणात्य नावाचे नाताळमधील हे रूप, १८६० पासूनच्या गिरमिटिया स्थलांतराचा इतिहास त्याच्या वर्णलेखनातच दडलेला आहे.) खाजगी उपचारांत पैसे संपल्यावर ते अ‍ॅडिंग्टन या सरकारी रुग्णालयाकडे वळले. तेथे वीस यंत्रे होती, त्यांतील काही जुनाट. साठ रुग्णांच्या सोयीत पंच्याऐंशी रुग्ण उपचार घेत होते. प्रत्यारोपणास योग्य असणाऱ्यांनाच दीर्घकालीन डायलिसिस, असा रुग्णालयाचा नियम होता. हृदयविकारामुळे सुब्रमनी त्यात बसत नव्हते.

दक्षिण आफ्रिकेची नवी राज्यघटना त्याच वर्षी, १९९७ च्या फेब्रुवारीत, अमलात आली होती. तातडीचा वैद्यकीय उपचार कोणालाही नाकारता येणार नाही, असे तिचे सत्ताविसावे कलम सांगते. सारा वाद ‘तातडी’ या एका शब्दावर आला. अर्जदाराने भारतीय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या एका निर्णयाचा आधार घेतला. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार बसलेल्या, पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या सदस्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते, आणि आर्थिक अडचणीची सबब सांगून राज्याला जीविताच्या हक्कासंबंधीचे कर्तव्य टाळता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले होते. डर्बनच्या प्रकरणात न्यायमूर्ती चास्कलसन यांनी हा दाखला नाकारला नाही, वेगळा काढला : अपघात ही अकस्मात कोसळलेली आपत्ती, तर जुनाट मूत्रपिंडविकार ही चालू अवस्था. २७ नोव्हेंबर १९९७ रोजी अर्ज फेटाळला गेला. थोड्याच अवधीत सुब्रमनी मरण पावले.

कायद्याच्या दृष्टीने हा भेद टिकणारा आहे. मात्र ज्याचे डायलिसिस आठवडाभर चुकते त्याची ‘चालू अवस्था’ बघता बघता आपत्ती होते. तर्कशास्त्राने आखलेली ही रेषा रक्तातले पोटॅशियम ओळखत नाही. तरीही या निकालपत्राचे मोल कमी होत नाही. विशेषतः न्यायमूर्ती अ‍ॅल्बी सॅक्स यांचे सहमतीचे मत वाचण्याजोगे आहे. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात, १९८८ मध्ये, बाँबस्फोटात उजवा हात गमावलेला हा न्यायाधीश वाटपाची मर्यादा हक्कांच्या कल्पनेबाहेरची न मानता तिच्याच गाभ्यात असल्याचे मांडतो. तेथे नकार देणारा स्वतःचे नाव लिहितो आणि कारणे देतो. सिएटलच्या निनावी सप्तकापासून हे अंतर लक्षणीय आहे.

भारतात असा दस्तऐवज शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत केंद्रे उघडली आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना हा उपचार मोफत मिळू लागला. परंतु आठवड्यातून तीन वेळा हवा असलेला उपचार अनेक ठिकाणी दोनदाच घेतला जातो, आणि केंद्रापर्यंतचे एस.टी.चे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, बाहेरून आणावी लागणारी औषधे यांचा भार रुग्णाच्या घरावरच राहतो. येथे कोणती समिती बसत नाही, कोणी निकष वाचून दाखवत नाही. रुग्ण एक खेप चुकवतो, मग दुसरी, आणि पुढे येईनासा होतो. त्याला कोणी नाही म्हटल्याचा कागद कोठेच नसतो.