129 भुंगेरे आणि संत्र्यांची बाग

आजची सुरुवात एका कबुलीने करतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. ज्यांच्याकडे जास्वंद आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कळीच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखा थर, पानं चिकट, आणि त्या चिकटामागे मुंग्यांची रांग. आई म्हणाली, "थांब जरा, निंबोळी तेल आणते." मी थांबलो नाही. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन बसलो आणि एकेक घासून काढला. त्यात काही जरा मोठे होते, अंगावर पांढरे झुपके असलेले आणि चांगले तुरुतुरु पळणारे. ते तर मी आधी टिपून मारले. नंतर कृषीला शिकलेल्या एका मित्राला फोटो दाखवले तर तो हसायलाच लागला. ते पळणारे पिठ्या ढेकूण नव्हतेच. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची पिल्लं होती, म्हणजे अळ्या. आणि त्या काय करत होत्या? पिठ्या ढेकूण खात होत्या.

हा क्रिप्टोलिमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये तो मुद्दाम भारतात आणला गेला, कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. ते काम त्याला जमलं नाही, पण तो दक्षिण भारतात टिकून राहिला. आज आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार पिठ्या ढेकणासाठी हेच भुंगेरे बागेत सोडतात. पण एका देशातून किडा उचलायचा आणि दुसऱ्या देशातल्या बागेत सोडायचा, हे करायचं धाडस लोकांना आलं कुठून? ती गोष्ट दहा वर्षं आधीची आहे, कॅलिफोर्नियातली.

तर झालं असं. 1868 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला बाभळीच्या जातीच्या झाडांवर एक नवीनच कीड दिसली. हे मेन्लो पार्क म्हणजे आजच्या सिलिकॉन व्हॅलीतलं, आमच्या धंद्यातल्या लोकांना चांगलं माहीत असलेलं. कीड खवले किडीच्या नात्यातली. मादीच्या मागे कापसाच्या उशीसारखी पांढरी, पन्हाळीदार पिशवी, आणि त्या पिशवीत शेकडो अंडी. मॅस्केल नावाच्या न्यूझीलंडमधल्या अभ्यासकाने पुढे तिला आयसेरिया पर्चसी हे नाव दिलं. तिची सगळ्यात भीतीदायक गोष्ट अशी की तिला नराची गरज पडत नाही. आपण जिला मादी म्हणतो ती उभयलिंगी असते, स्वतःची अंडी स्वतःच फलित करते. म्हणजे एका रोपावर एकच कीड चुकून आली तरी वस्ती तयार.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांवर पोचली. तिथे तेव्हा संत्र्यांची लाट होती. रेल्वे आली होती, जमिनीचे भाव चढले होते, लोकांनी कर्ज काढून बागा लावल्या होत्या. आणि झाडं पांढरी पडायला लागली. साबण, रॉकेल, नाना तऱ्हेची मिश्रणं फवारून झाली. त्या पांढऱ्या मेणाच्या आत काहीच पोचत नव्हतं. लॉस एंजेलिसच्या वुल्फस्किल बागेत सरकारी कीटकतज्ज्ञ डी. डब्ल्यू. कोकिलेट याने 1886 मध्ये अख्ख्या झाडावर तंबू टाकून आत सायनाइडचा वायू सोडायचे प्रयोग केले. हो, सायनाइड! उपाय चालत होता, पण झाडामागून झाड तंबूत घालायचं म्हणजे खर्च किती, त्रास किती. काही जणांनी तर सरळ झाडं उपटून जाळली. तंबूची ही आठवण ठेवा, तो परत येणार आहे.

वॉशिंग्टनला अमेरिकी कृषी खात्याचा मुख्य कीटकतज्ज्ञ होता चार्ल्स रायली. जन्माने लंडनचा. हुशार, भांडखोर, आणि श्रेयाच्या बाबतीत जरा हळवा. त्याचा तर्क साधा होता. ही कीड ऑस्ट्रेलियातून आली असणार. तिथे ती बागा उद्ध्वस्त करत नाही. मग तिथे तिला कोण खातंय? आमच्या भाषेत सांगायचं तर कॅलिफोर्नियाने पॅकेज घेतलं आणि त्याची डिपेंडन्सी तिकडेच राहिली. 1887 च्या एप्रिलमध्ये रिव्हरसाइडला बागायतदारांसमोर रायलीने हे जाहीर बोलून दाखवलं, की ऑस्ट्रेलियात माणूस पाठवून तिचा शत्रू शोधून आणावा.

पण पाठवणार कसा? संसदेने कृषी खात्याच्या बजेटलाच अट घातली होती की कीटकशास्त्र विभागाच्या लोकांनी परदेश प्रवास करायचा नाही. रायलीच्याच युरोपवाऱ्या डोळ्यांत आल्या होत्या म्हणून ही अट आली, असं सांगतात. मग जी पळवाट निघाली ती कुठल्याही सरकारी ऑफिसात चहा प्यायलेल्या माणसाला लगेच ओळखू येईल. 1888 मध्ये मेलबर्नला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन होतं. त्यासाठी परराष्ट्र खात्याकडे पैसा होता आणि अमेरिकी पथकाचा प्रमुख होता सॅन फ्रान्सिस्कोचा फ्रँक मॅकॉपिन. त्या पैशातून 2,000 डॉलर बाजूला काढले गेले आणि कागदावर प्रदर्शनाचा म्हणून एक माणूस गेला. अल्बर्ट कोबेले, वय 35, जन्माने जर्मन, रायलीच्या हाताखालचा. 25 ऑगस्ट 1888 ला त्याचं जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं.

मजा अशी की तो भुंगेरा शोधायला गेलाच नव्हता. ॲडलेडमध्ये फ्रेझर क्रॉफर्ड नावाचे एक गृहस्थ होते. पेशाने छपाईतले, फोटोलिथोग्राफर, पण किड्यांचा नाद. त्यांना आयसेरियाच्या अंगात वाढणारी एक बारीक माशी सापडली होती. सगळ्यांच्या आशा त्या माशीवर होत्या, आणि कोबेलेने तशा सुमारे 12,000 माश्या पाठवल्याही. पण 15 ऑक्टोबर 1888 ला उत्तर ॲडलेडमधल्या एका घराच्या बागेत त्याला एक लालकाळा छोटा ढालकिडा दिसला, आयसेरियाची मोठी मादी खाताना. मसुराच्या दाण्याहून लहान. तेव्हा नाव व्हेडालिया, आता शास्त्रीय नाव रोडोलिया कार्डिनॅलिस.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की ऑस्ट्रेलियात कोबेलेला मुळात कीडच सापडत नव्हती. आयसेरियाचं मूळ गाव, आणि बघायला गेलं तर इथे एक, तिथे दोन. दुसरा कोणी वैतागला असता. पण ती इतकी दुर्मीळ होती हाच तर पुरावा होता की तिला कोणीतरी खाऊन संपवतंय.

भुंगेरे लहान डब्यांत घालून जहाजाच्या बर्फाच्या खोलीतून पाठवले, थंडीत सुस्त राहावेत म्हणून. 30 नोव्हेंबरला कोकिलेटच्या हातात पडले 28. डिसेंबरच्या शेवटी 44. जानेवारी 1889 मध्ये 57. झाले 129. नंतर आणखी आले, एकूण 514, पण सुरुवात या 129 वर झाली. कोकिलेटने वुल्फस्किल बागेतलं किडीने भरलेलं एक संत्र्याचं झाड निवडलं, त्यावर तंबू टाकला आणि आत भुंगेरे सोडले. तोच माणूस, तीच बाग, आणि परत तंबूच. या वेळी आत विष नव्हतं एवढाच काय तो फरक.

एप्रिलपर्यंत ते झाड साफ झालं. तंबूची एक बाजू उघडली आणि भुंगेरे शेजारच्या झाडांवर गेले. मग बागायतदार डबे घेऊन यायला लागले. जूनच्या मध्यापर्यंत 10,555 भुंगेरे 228 बागांना वाटून झाले होते. सॅन गॅब्रिएलच्या एका बागायतदाराची 3,200 झाडं होती, त्याची बाग त्याच उन्हाळ्यात मोकळी झाली. लॉस एंजेलिस काउंटीतून जाणारी संत्री एका वर्षात 700 वॅगनवरून 2,000 वर गेली. कोबेलेला बागायतदारांनी सोन्याचं घड्याळ दिलं आणि त्याच्या बायकोला हिऱ्यांची कर्णफुलं. रायलीला कर्णफुलांपेक्षा जास्त झोंबलं ते कॅलिफोर्नियावाल्यांनी सगळं श्रेय स्वतःकडे घेणं. दोघांचं पुढे काही जमलं नाही. 1893 मध्ये कोबेले हवाईला निघून गेला, आणि 1895 मध्ये रायली वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून पडून गेला.

हे इतकं झटपट का जमलं? व्हेडालिया आयसेरियाशिवाय जवळजवळ काहीच खात नाही, त्यामुळे ती भलत्या कोणाच्या मागे लागत नाही. ती अंडी घालते तीही त्या कापसाच्या उशीवरच, म्हणजे पिल्लू जन्मतःच जेवणाच्या ताटात. आणि तिची पिढी किडीच्या पिढीपेक्षा लवकर तयार होते. त्या बिचाऱ्या माशीनेही नंतर समुद्रकाठच्या भागात चोख काम केलं, पण तिचं नाव फारसं कोणी घेत नाही.

यशाचा तोटा असा झाला की मग सगळ्यांनाच प्रत्येक किडीवर एक जादूचा भुंगेरा हवा झाला. कोबेले परत ऑस्ट्रेलियाला गेला, ढीगभर जाती घेऊन आला, त्यातल्या मोजक्याच टिकल्या. आपला क्रिप्टोलिमस त्यातलाच एक. आणि किडीपुरता किडा न बघता आडदांड प्राणी सोडले की काय होतं तेही जगाने पाहिलं. कलकत्त्याहून 1872 मध्ये मुंगूस जमैकाला नेले, उसातले उंदीर खायला. ते तिथले पक्षी आणि सरडेही खात सुटले. 1935 मध्ये ऑस्ट्रेलियाने उसातल्या किड्यांसाठी भलेमोठे बेडूक आणले, ते आजतागायत आवरत नाहीयेत. ज्याला काहीही चालतं त्याला बागेत सोडू नये, हे व्हेडालियाकडे नीट पाहिलं असतं तर कळलं असतं.

आयसेरिया आपल्याकडेही पोचली बरं का. 1920 च्या दशकात निलगिरीत वॅटलच्या झाडांवर तिने उच्छाद मांडला, आणि तिच्या मागोमाग व्हेडालियालाही आणावं लागलं. कीड तिथेही आटोक्यात आली.

कॅलिफोर्नियात मात्र एक प्रकरण बाकी होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. सॅन वाकीन खोऱ्यातल्या संत्र्यांवर दुसऱ्याच किडीसाठी ते फवारलं गेलं. त्यात व्हेडालिया मेली, आयसेरिया मेण पांघरून वाचली. पन्नासएक वर्षं जिचं नाव निघालं नव्हतं ती कीड पुन्हा झाडांवर पांढरी पसरली. बागायतदारांना फवारणी आवरती घ्यावी लागली आणि भुंगेरे परत आणून सोडावे लागले. हे वाचताना मला माझा टूथब्रश आठवला.

तर जास्वंदवाल्यांसाठी, ओळखायचं कसं तेवढं सांगतो. पिठ्या ढेकूण बहुतेक वेळ जागचा हलत नाही, आणि अंगाची पूड पिठासारखी असते. क्रिप्टोलिमसची अळी त्याच्यापेक्षा बरीच मोठी होते, झुपके लांब आणि विस्कटलेले, आणि काडी लावली की पळते. अंगठ्याच्या नखाएवढी पांढरी गोष्ट पळताना दिसली तर ब्रश खाली ठेवा. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करा. चिकट गोड रसासाठी त्या किडीची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावून लावतात. आमच्याकडे कुंडीच्या खाली पाण्याची थाळी ठेवली आहे. अजून तरी भुंगेरा परत आलेला नाही.